बिनजॅकेटची फेक

अपघात हा शब्द थोरलीने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि त्याखाली सहीही ठोकली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय तिला उरली नव्हती.

कागद जुडोच्या मास्तरांनी पुढे सरकवला होता. हॉलच्या कोपऱ्यातलं त्यांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि धुवायला टाकलेल्या जॅकेटांचा ढीग. धाकटी तेव्हा हॉस्पिटलात होती, तिच्या कोपरात स्क्रू बसवायचं चाललं होतं, आणि इकडे मास्तर चष्मा पुसत म्हणत होते, "जिच्या हातून झालं त्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. सराव म्हटला की लागायचंच. तू सिनियर, तू लिहिलंस की विषय मिटला." थोरलीने लिहिलं. सरावाच्या गलक्यात थोपटल्याचा आवाज ऐकू आला नसावा, सबब हा अपघात आहे. 'सबब' हा शब्द मास्तरांनी सांगितलेला नव्हता, तो तिला आपणहून सुचला होता, आणि त्याची लाज तिला पुढे तीन वर्षं पुरली.

झालं होतं ते असं. जुडोत कोपराचा एक पेच असतो. समोरच्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये धरायचा, मनगट छातीशी ओढायचं आणि कंबर उचलायची, की कोपर उलट्या बाजूला वाकायला लागतं. ज्याचा हात अडकला त्याने मोकळ्या हाताने थोपटायचं, आणि थाप लागल्याक्षणी पकडणाऱ्याने सोडायचं. यात दोन मतं नाहीत. धाकटीने तीन वेळा थोपटलं होतं. थोरली पंधरा पावलांवर घड्याळाखाली उभी होती आणि तिला तिन्ही थापा स्वच्छ ऐकू आल्या होत्या. चौथा आवाज कोपराचा होता.

हात धरणारी मुलगी थोरलीचीच शिष्या. अकरा वर्षांची होती तेव्हापासून थोरलीच्या हाताखाली वाढलेली, खाली मान घालून सांगितलं ते करणारी. पकड अशी की एकदा लागली की दोघांनी ओढून सुटायची नाही, म्हणून थोरलीनेच लाडाने तिचं नाव घोरपड ठेवलं होतं. त्या दिवशी घोरपड मॅटवर बसून हमसून हमसून रडली होती. "ताई, मला ऐकूच आलं नाही. शप्पथ." तिचं नाक वाहत होतं, ओठ थरथरत होते, आणि थोरली विरघळली. स्वतःच्या बहिणीचा हात मोडलेला असताना माणूस परक्या पोरीसाठी विरघळू शकतो, हे लोकांना पटत नाही. पण दहा वर्षं जिला पट्टा बांधायला शिकवलं ती परकी नसते, हेही लोकांना कळत नाही.

धाकटी संध्याकाळी जुडो खेळायची, दिवसा केस कापायची. कापायची म्हणजे काय, गावभरच्या बायका तिची वेळ मिळावी म्हणून महिनाभर आधी फोन करायच्या. स्क्रू निघाले, पट्ट्या निघाल्या, पण कोपर ना पुरतं सरळ होईना, ना पुरतं वाकेना. कात्री धरलेला हात दहा मिनिटांत खाली यायचा. आता ती त्याच सलूनमध्ये दाराशी बसून फोन घेत होती आणि दुसऱ्या मुलींच्या वेळा वहीत लिहीत होती, तेही डाव्या हाताने. कागदाचं तिला कळलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "तू ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं," थोरली म्हणाली.

"मग बरोबर आहे. मला वाटलं मी हळू थोपटलं की काय."

त्यानंतर दोघी एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत होत्या, पण धाकटी मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायची. आई होती तोवर ती मधे बोलून वेळ मारून न्यायची; ती गेल्यावर तेही संपलं.

घोरपडीने वर्षभरात जुडो सोडलं आणि ती मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये गेली, जिथे ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकाच पिंजऱ्यात चालतं आणि अंगावर जॅकेट नसतं. चांगली चालली. इतकी चांगली की एके दिवशी थोरली कामावरून परतत असताना चौकातल्या भिंतीवर तिला पोस्टर दिसलं. घोरपड दोन्ही मुठी छातीशी धरून उभी, आणि खाली जाड अक्षरांत छापलं होतं: पकडली की सोडत नाही. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून सायकलवाला घंटी वाजवून कंटाळला आणि शेवटी शिवी देऊन वळसा घालून गेला.

पण खरं सांगायचं तर रागातसुद्धा तिच्या मनात एक कुसळ राहून गेलं होतं. पोस्टर धंद्यासाठी असतं. कदाचित पोरीला खरंच ऐकू आलं नसेल. रात्री खात्री वाटायची, सकाळी शंका यायची. या दोन्हींच्या मधे माणसाचा कसा भुगा होतो ते ज्याचं त्यालाच माहीत. तिने ठरवलं, पिंजऱ्यात जाऊन समोरासमोर बघायचं. त्या संध्याकाळी तिने धाकटीला सांगितलं.

धाकटी भांडी विसळत होती. "मला माफी नको," ती मागे न वळता म्हणाली. "मला तिचा हात पाहिजे."

"उजवाच आणीन. तीन वेळा थोपटू दे, नाही तर तीस वेळा."

"बघू," धाकटी म्हणाली. पण त्या रात्री तिने थोरलीचं ताट वाढून ठेवलं होतं.

थोरलीचं वय तेव्हा चौतीस. नोकरी सोफ्याच्या कारखान्यात, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून खिळे ठोकायचं काम. दिवसभर कापड ओढून तिची बोटं पकडीसारखी झाली होती, आणि पंचवीस वर्षांचं जुडो म्हणजे तरी दुसरं काय? उजव्या हातात कॉलर, डाव्या हातात बाही, आणि मग समोरचा माणूस आपलाच. एवढ्या भांडवलावर ती वस्तादाच्या जिममध्ये दाखल झाली.

वस्ताद म्हणजे जुना पैलवान. दोन्ही कान चुरगळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेले, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र शाबूत. टायरच्या रिकाम्या गोदामात त्याने मॅट अंथरली होती आणि तिथे अजून रबराचा वास यायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला एका दांडग्या मुलीसमोर उभं केलं. थोरलीचा हात सवयीने कॉलरकडे गेला. कॉलर नव्हती. मुलीच्या अंगात घट्ट बनियन होतं, घामाने माशाच्या अंगासारखं बुळबुळीत. डावा हात बाहीकडे गेला, तर तिथे नुसता दंड. बोटं मिटली आणि घसरली. ती कंबर फिरवून फेकायला वळली, हातात काहीच नाही, आणि दांडगी आरामात तिच्या पाठीवर चढून गळा आवळून मोकळी झाली. पहिल्या आठवड्यात हे इतक्या वेळा झालं की थोरलीच्या मानेवर हार घातल्यासारखा लाल वळ उठला.

"बाई, कापड शोधू नका," वस्ताद म्हणाला. "कापड दुकानात मिळतं. इथे माणूस धरायचा."

"माणूस घसरतो, वस्ताद."

"घसरतो कारण तुम्ही त्याला लांबून धरता, शेजारणीशी कुंपणावरून बोलल्यासारखं. छातीला छाती लावा. मग कुठे घसरतो बघू."

त्याने तिला सगळं नव्याने शिकवलं, आणि गंमत म्हणजे काहीच नवं नव्हतं. कॉलरच्या जागी मानेचा मागचा भाग, तळहात कवटीच्या खाली घट्ट बसवून. बाहीच्या जागी मनगट नाही, मनगट घामाने निसटतं. कोपराच्या वर दंडाला आपल्या काखेत दाबून टाकायचं. जमलं तर समोरचीच्या काखेखालून हात घालून पाठीला विळखा. थोरली जपानी नाव सांगायची आणि वस्ताद हसायचा. "याला तुम्ही काहीही म्हणा, आमच्या आखाड्यात ही टांग. आणि ही ढाक. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उघड्या अंगानेच लढतोय, आमच्याकडे जॅकेट होतं कुठे!" जिथे पाठ फिरवून आत शिरावं लागतं अशा फेकी त्याने तिला बरेच महिने करूच दिल्या नाहीत. फसल्या तर पाठ उघडी पडते. आधी पायाने पाय झाडायचा, बाहेरून टांग अडकवायची, समोरचा डगमगला, त्याचं वजन एका पायावर आलं, की मगच कंबर आत.

चौथ्या महिन्यात तिने दांडगीला पहिल्यांदा अशी फेकली की गोदामाचा पत्रा हलला. चारी मुंड्या चीत. जुडोत याला इप्पॉन म्हणतात, पूर्ण गुण, लढत तिथेच संपते. थोरली उठून उभी राहिली, बनियन सारखं केलं, आणि नमस्कारासाठी कमरेत वाकली. दांडगी तोवर उठली होती. तिने वाकलेल्या नाकावर एक सणसणीत ठेवून दिली.

वस्ताद हसून हसून खाली बसला. "अहो, पंच घरी गेला तुमचा! इथे पाडलं म्हणजे सुरुवात झाली!"

नाकात कापूस घालून थोरली घरी आली तेव्हा धाकटीने बर्फ काढून दिला. ती हसली नाही, पण बर्फ फडक्यात गुंडाळून दिला. त्यानंतर थोरली पाडल्यावर सोडेनाशी झाली. पाडायचं, सोबत खाली जायचं, छातीने दाबायचं आणि हात शोधायचा. ती फक्त उजवा हात शोधायची. वस्तादाच्या ते लक्षात आलं होतं, पण तो या बाबतीत शहाणा माणूस होता. कुणाच्या पोटात काय जळतंय ते त्याने कधी विचारलं नाही.

दीड वर्षात तिने तीन लहान लढती मारल्या. मग घोरपडीकडे लढतीचा निरोप गेला आणि घोरपडीने लगेच हो म्हटलं. जुन्या गुरूला शिष्या पाणी पाजणार म्हटल्यावर बघायला गर्दी जमणारच. वजन करायच्या दिवशी दोघी समोरासमोर आल्या. घोरपड चोविशीची, तुकतुकीत, दंडावर बेडकी. तिने थोरलीकडे प्रेमाने पाहिलं, म्हणजे तसं दाखवलं.

"ताई, या वयात कशाला गं?"

"तुझ्यासाठीच," थोरली म्हणाली. फोटो काढणाऱ्याला वाटलं गुरुशिष्येचं किती गोड नातं आहे.

लढत रविवारी दुपारी होती. धाकटी सलूनमधून सुट्टी काढून आली आणि पिंजऱ्याला लागून पहिल्या रांगेत बसली, उजवा हात मांडीवर ठेवून, जसा तो हल्ली कायम ठेवलेला असायचा. तिने मुद्दाम बिनबाह्यांचा ड्रेस घातला होता, कोपरावरचा वळलेला वण दिसेल असा.

पहिली फेरी थोरलीची नुसती मार खाण्यात गेली. घोरपड लांबून ठोसे टाकत होती आणि थोरलीला जवळ जाऊच देत नव्हती. भुवई फुटली, एका डोळ्यात रक्त उतरलं. कोपऱ्यात वस्तादाने ते पुसलं आणि म्हणाला, "तिला वाटतंय तुम्ही दमलात. वाटू द्या. ती आपण होऊन मिठी मारायला येईल. तिचा स्वभावच तो, पकडल्याशिवाय तिला करमत नाही."

दुसऱ्या फेरीत थोरलीने हात थोडे खाली सोडले, पाय ओढत मागे सरकली, आणि घोरपड आलीच. दोन्ही हातांनी तिने थोरलीच्या कमरेला विळखा घातला आणि डोकं खांद्याशी खुपसलं. दहा वर्षं जी पकड थोरलीने स्वतः घासून घासून तयार केली होती ती आता तिच्या बरगड्या दाबत होती. थोरलीने तिचा उजवा दंड वरून आपल्या डाव्या काखेत दाबला. उजवा तळहात मानेमागे गेला आणि कवटीच्या खाली घट्ट बसला. दोघी घामाने निथळत होत्या, पण छातीला छाती लागलेली, घसरायला मधे जागाच नव्हती. तिने एकदा पाय झाडला. घोरपड डगमगली, तिचं सगळं वजन उजव्या पायावर आलं. थोरलीची कंबर आत गेली, पाय मागून वर आला, आणि घोरपड तिच्या डोक्यावरून गेल्यासारखी उडून पाठीवर आदळली.

थोरली उभी राहिली नाही. तीही तिच्यासोबत खाली गेली. उजवा दंड अजून तिच्या काखेतच होता. तिने एक पाय घोरपडीच्या तोंडावरून टाकला, मांड्या आवळल्या, मनगट छातीशी ओढलं. तोच हात, तोच पेच. जाळीपलीकडे धाकटी उभी राहिलेली तिला दिसली. थोरलीने कंबर उचलली.

घोरपडीने थोपटलं. थोरलीच्या मांडीवर एक हलकी थाप, दाराची कडी वाजवावी तशी.

आणि थोरलीचे हात उघडले.

तिने उघडले नाहीत. तिने तर ठरवलं होतं, तीन, नाही तर तीस. पण थाप लागली आणि बोटं सुटली, मांड्या सैल झाल्या, डोक्यात विचार पोचायच्या आधी सगळं होऊन गेलं होतं. पंच मधे येईपर्यंत घोरपड हात चोळत उठूनसुद्धा बसली होती. लोक ओरडत होते. वस्ताद पिंजऱ्यात शिरून नाचत होता, गुडघ्यांची पर्वा न करता. पंचाने थोरलीचा हात वर केला आणि त्या हाताकडे ती अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. घोरपड हसत जवळ आली, तिने थोरलीच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "छान फेक होती ताई. बिनजॅकेटची पण जमायला लागली की." तिचा उजवा हात अगदी ठणठणीत होता. थोरलीला जिंकल्याचं दुःख झालं, मनापासून झालं.

कपडे बदलायच्या खोलीत एक बाक, एक खुर्ची, एक आरसा आणि गळका नळ होता. धाकटी खुर्चीवर बसली होती. वस्ताद कसल्याशा कागदावर सही करायला गेला होता.

"मी मोजत होते," धाकटी म्हणाली. "एक. एवढंच झालं. एक थाप आणि तू सोडलंस."

"मी नाही सोडलं गं. हात आपोआप सुटले. तुझी शप्पथ, मी ठरवलं होतं..."

"आपोआप?"

"आपोआप. पंचवीस वर्षांची सवय आहे. थाप लागली की सुटतात. माझ्या हातात नव्हतं ते."

धाकटीने आपला वाकडा हात मांडीवरून उचलला आणि दुसऱ्या हातात धरला. "तिचे नाही सुटले," ती म्हणाली.

ती सवय घोरपडीला थोरलीनेच लावली होती. रोज संध्याकाळी, सराव संपताना, जोड्या लावून: धर, थोपट, सोड. धर, थोपट, सोड. पन्नास वेळा उजव्या हाताचं, पन्नास वेळा डाव्याचं. दहा वर्षं. कानाने ऐकून सोडायचं नसतंच ते, कातडीनेच सोडायचं असतं, असं ती स्वतः ओरडून सांगायची. तेव्हा गलक्याचा प्रश्नच कुठे येतो? धाकटीने घोरपडीच्या मांडीवर तीन वेळा थोपटलं होतं. पहिल्या थापेला घोरपडीचे हात सुटले असणार. सुटलेच असणार. म्हणजे मग तिला ते पुन्हा मिटावे लागले असणार, मुद्दाम, जोर लावून. तीन वर्षं मनात सलणारं कुसळ एका क्षणात निघालं, आणि त्या जागी आता नुसती आग होती, स्वच्छ, कसलीही शंका नसलेली.

ती तशीच अनवाणी बाहेर पडली.

बाहेर लांब कॉरिडॉर होता, सिमेंटची फरशी, भिंतीला लावून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. घोरपड पाण्याची बाटली घेऊन समोरूनच येत होती. अंगात आयोजकांनी वाटलेलं जाड सुती जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"त्या दिवशी तुझे हात सुटले होते," थोरली म्हणाली.

घोरपड थांबली. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. मग ती इतक्या साध्या आवाजात बोलली की थोरलीला एकदम ती अकरा वर्षांची पोर आठवली.

"सुटले होते. पहिल्याच थापेला. तूच लावलेली खोड ना ती." तिने बाटलीचं झाकण फिरवलं. "परत धरायला किती जड गेलं म्हणून सांगू, ताई. पण त्या वर्षी राज्याच्या संघाच्या निवडीला तू तिचं नाव दिलंस. मी तिला चार वेळा पाडलं होतं, तरी तिचं दिलंस. बहीण ना शेवटी."

"म्हणून हात मोडलास?"

"आणि तू लिहून दिलंस की अपघात. मला वाटलं तुलाही कळलंय. कळूनच लिहिलंस."

थोरलीचा उजवा हात घोरपडीच्या कॉलरवर गेला आणि डावा बाहीवर. दीड वर्षांनी बोटांना माणसाच्या अंगावरचं कापड लागलं, जाडजूड, कोरडं, आणि त्याने इतकी घट्ट साथ दिली की घोरपडीला श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही. बाटली खाली पडली. कंबर आत गेली. ज्या फेकीसाठी पिंजऱ्यात अख्खी फेरी मार खावा लागला ती इथे एका पावलात झाली.

जुडोत फेकणाऱ्यावर एक जबाबदारी असते. समोरचा हवेतून खाली येत असताना बाही शेवटपर्यंत वर ओढून धरायची, म्हणजे पडणारा पाठीवर सपाट पडतो आणि त्याची हाडं वाचतात. मॅटवर नव्या पोरांसाठी हे करतात, जुन्यांसाठी करतात, वैऱ्यासाठीही करतात. ते न करणाऱ्याला हॉलमधून हाकलून देतात. थोरलीने आयुष्यात हजारो माणसं फेकली होती आणि एकदाही बाही सोडली नव्हती. घोरपडीचे पाय छताकडे गेले तेव्हाही बाही तिच्या डाव्या मुठीत होती, आणि मूठ सवयीने वर ओढत होती. तिला ते जाणवलं. तिने दात आवळले आणि एकेक बोट जोर लावून उघडलं.

घोरपड खांद्यावर पडली. काहीतरी कडकन मोडलं आणि मग ती किंचाळली, तशी ती पूर्वी कधी किंचाळली नव्हती. दोन्ही टोकांची दारं उघडली. वस्ताद हातातल्या कागदासकट धावत आला. घोरपडीकडे पाहून त्याने मान फिरवली, आणि थोरलीला फक्त एवढंच म्हणाला, "संपलं बाई, सगळं संपलं. जिंकलेली लढत गेली, लढायचा परवानाही गेला." थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिला हलकं वाटत होतं, आणि ते लपवावं असंही तिला वाटत नव्हतं. कुणीतरी डॉक्टरला हाका मारत होतं.

धाकटी माणसांमधून वाट काढत पुढे आली. ती घोरपडीजवळ गुडघ्यांवर बसली. घोरपड विव्हळत होती आणि तिचा खांदा एका बाजूला उतरलेला होता. धाकटीने आपल्या चांगल्या हाताने जॅकेटची उजवी बाही सावकाश वर सरकवली आणि कोपर दाबून पाहिलं, एकदा बाहेरून, एकदा आतून. मग ते हळूच वाकवलं आणि सरळ केलं. ते पुरतं वाकलं आणि पुरतं सरळ झालं. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत आठ महिने काढलेल्या बाईला यातलं सगळं कळतं.

तिने बाही पुन्हा खाली ओढली आणि थोरलीकडे वर पाहिलं.

"खांद्याचं पुढचं हाड आहे," धाकटी म्हणाली. "सहा आठवड्यांत जुळेल."